भर बाजारातला सौदा

बाराव्या शतकाच्या आरंभी कल्याणच्या चालुक्यांचा राजा विक्रमादित्य सहावा याच्या राजवटीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे. इंग्रज अमदानीतल्या न्यायालयांमुळे हा ग्रंथ वारसाहक्काच्या भांडणांपुरताच लोकांच्या लक्षात राहिला. पण खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवरही त्यात बारकाईने विचार केलेला आहे. चोरीचा किंवा दुसऱ्याचा माल विकला गेला तर दोष कोणाचा, या प्रश्नावर याज्ञवल्क्याने चार खुणा सांगितल्या आहेत. सौदा आडोशाला झाला, किंमत फारच कमी होती, वेळ भलतीच होती आणि विकणारा हीन होता. यातल्या ‘हीन’ या खुणेचा अर्थ विज्ञानेश्वर असा लावतो की, ज्याच्यापाशी तशी वस्तू येण्याचे रास्त साधनच नाही, असा माणूस. अशा रीतीने जो माल घेतो, त्याला हे शास्त्र भोळा गिऱ्हाईक समजत नाही, चोर समजते. उलट चारचौघांसमोर, उजेडात आणि रास्त भावाने घेतलेला माल पुढे दुसऱ्याचा निघाला, तरी खऱ्या मालकाला तो परत जातो आणि घेणाऱ्यावर चोरीचा डाग येत नाही. त्याने विकणाऱ्याला पुढे उभे करायचे आणि आपले पैसे मागायचे.

नऊशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात उलगडलेल्या या चार खुणा आज मोबाइलवर जाहिरात पाहून, अनोळखी माणसाकडून, निम्म्याहून कमी किमतीत जुनी वेगवान मोटार घेणाऱ्या तरुणाला जशाच्या तशा लागू पडतात. गाडी पुण्या-मुंबईची, कागदावर तिसऱ्याच माणसाच्या नावाची. विकणारा म्हणतो की मित्राची आहे. भेट महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यापाशी, बहुधा अंधार पडल्यावर, आणि भाव असा की विचार करायला वेळ घेतला तर दुसरा कोणी घेऊन जाईल. अशा खरेदीचे धोके सांगताना सगळे इंजिन, गिअरबॉक्स, गंज यांच्याविषयी बोलतात. ते धोके खरेच आहेत, पण माझ्या मते मूळ त्यांच्या अलीकडे आहे. वेगवान, नखरेल आणि दुसऱ्याने वापरलेली वस्तू विकत घेणे हा सोलापूर जिल्ह्याला शेकडो वर्षे ठाऊक असलेला व्यवहार आहे, आणि त्यातला धोका आवरण्यासाठी इथल्या जनावरांच्या बाजारांनी एक पद्धत घडवली होती. मोटार आली तेव्हा वस्तू बदलली आणि ती पद्धत मागे राहिली. आजच्या गिऱ्हाइकाचे नुकसान तिथे सुरू होते.

हा जिल्हा खिलार बैलाचा आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, माळशिरस आणि शेजारचे आटपाडी, म्हसवड हा सगळा माणदेशाचा आणि त्याच्या कडेचा कमी पावसाचा टापू. इथे चारा तुटपुंजा आणि वाटा लांबच्या, म्हणून इथे जे जनावर टिकले ते अंगाने आटोपशीर, पायाने हलके आणि चालीला तेज. पांढरे-करडे अंग, मागे वळून वर गेलेली लांब शिंगे, घट्ट कातडी, आणि स्वभाव असा की अनोळखी माणूस जवळ आला तर कान टवकारणारच. जड ओढकामासाठी दुसऱ्या जाती होत्या. खिलार घेतला जायचा तो चालीसाठी आणि शर्यतीसाठी. अशा बैलांची उलाढाल होणारे मोठे बाजारही इथलेच. मकरसंक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हाचा जनावरांचा बाजार, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला भरणारा बाजार, सांगोल्याचा आठवडी बाजार, पौषात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेतला बाजार. घोड्यांसाठी कार्तिकातला अकलूजचा बाजार आहेच. वेगाचा शौक आणि जुन्या मालाचा सौदा या दोन गोष्टी या मातीला नव्या नाहीत.

या बाजारांत बैल पाहिला कसा जायचा, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पहिली गोष्ट दात. विकणाऱ्याने वय काहीही सांगितले तरी घेणारा जबडा उघडून बघणार. दुधाचे दात असतील तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि सगळे दात आले की जुळलेला. साधारण दोन-अडीच वर्षांपासून साडेचार-पाच वर्षांपर्यंत हा हिशेब दातांवरून लागतो, पुढे झिजेवरून. शर्यतीतले आदत आणि दुसा हे गट याच हिशेबावर पडतात. दातानंतर पाय. बैल सपाटीवर चालवायचा, मग ढेकळांवर, मग वळवायचा, कारण लंगडेपण सरळ चालीत लपते आणि वळणावर उघडे पडते. खुरांच्या फटी पाहायच्या, खांद्यावर जुवाचे घट्टे पाहायचे. घट्टा नसेल तर हा कामाला लागलेलाच नाही, आणि ओली जखम असेल तर कालपर्यंत दामटला आहे. डोळ्यासमोरून हात फिरवायचा. शेवटी जुवाला जोडून, गाडीला किंवा औताला लावून पाहायचे, कारण बशा बैल उभा असताना राजासारखा दिसतो आणि ओझे आले की खाली बसतो. मारकुटा, बुजरा, जोडीदाराला रेटणारा, एका बाजूने ओढणारा, असे प्रत्येक खोडीला नाव होते. नाव होते म्हणून विचारता यायचे, आणि विचारल्यावर चारचौघांत उत्तर द्यावे लागायचे.

फसवणूकही तितकीच जुनी होती. शिंगे तासून वय कमी दाखवणे, अंगाला तेल चोपडून कातडीची रया लपवणे, बाजाराच्या आधी महिनाभर पेंड चारून हाडे झाकणे, गाय न पिळता आणून कास भरलेली दाखवणे. हे प्रकार अनुभवी शेतकऱ्याला पाठ होते. बाजारातली माणसे सज्जन होती असा माझा दावा मुळीच नाही. माझा मुद्दा एवढाच की बाजारात लबाडीला प्रेक्षक होते. शेजारच्या दावणीवरचा शेतकरी, येणारे-जाणारे, हाताखालचा पोरगा, प्रतिस्पर्धी दलाल, यांतल्या कोणाला ना कोणाला तो बैल मागच्या यात्रेत दिसलेला असायचा. एका माणसाला फसवणे सोपे असते. पन्नास जाणत्यांसमोर उभे राहून एकाला फसवणे फार अवघड.

मिताक्षरेच्या परंपरेत याच्याही पुढचे एक पाऊल आहे. विकत घेतलेली वस्तू पारखून पाहण्यासाठी याज्ञवल्क्य दिवस नेमून देतो: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. माणसांच्या विक्रीचेही दिवस त्यात आहेत आणि ते वाचताना आज शरम वाटते. पण तत्त्व शहाणपणाचे आहे: दोष जितका उशिरा दिसणारा, तितकी मुदत जास्त. बियाणे उगवल्याशिवाय कळत नाही, म्हणून वरच्या यादीत त्याला सर्वांत लांब मुदत. बैल जोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून पाच दिवस. रोमन लोक याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडले. तिथल्या बाजारांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जाहीरनाम्याप्रमाणे गुलाम आणि ओझ्याची जनावरे विकणाऱ्याने त्यांचे रोग आणि खोडी आधीच सांगायच्या. लपवल्या तर सहा महिन्यांत माल परत करता येई, आणि वर्षाच्या आत किमतीतली तूट मागता येई. इंग्लंडमध्ये १५५५ च्या कायद्याने तर घोड्याचा सौदा पक्का ठरण्यासाठी तो घोडा बाजारात दिवसाउजेडी निदान तासभर सर्वांसमोर उभा किंवा फिरता राहिला पाहिजे आणि त्याचा रंग, खुणा, किंमत बाजाराच्या वहीत चढली पाहिजे, अशी अट घातली. तीन दूरदूरच्या समाजांनी एकमेकांशी सल्लामसलत न करता एकाच दिशेने वाट काढली, कारण दुखणे एकच होते. विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला नसते, आणि ही दरी बुजवायला उजेड, साक्षीदार आणि मुदत यांच्याशिवाय दुसरे साधन नाही.

मराठेशाहीत बाजारपेठेचे शेटे आणि महाजन ही वतने याच कामाची होती. पेठ वसवणे, जकात वसूल होऊ देणे, मापे सांभाळणे आणि तंटा झाला तर पंचांत बसणे. मालकीच्या प्रश्नाला गावगाड्याचे स्वतःचे उत्तर होते. चोरीला गेलेल्या जनावराचा माग रामोशी काढत आणि तो माग ज्या गावाच्या शिवारात संपला, त्या गावाने तो पुढे दाखवून द्यावा किंवा भरपाई करावी, असा रिवाज होता. अशा व्यवस्थेत कोणाचा तरी बैल अवेळी, अनोळखी माणसाकडून, स्वस्तात घेणे म्हणजे सगळ्या गावावर संकट ओढवून घेणे. पुढे पालिका आणि बाजार समित्या आल्या, तेव्हा या साक्षीचे रूप पावतीचे झाले. विकणाऱ्याचे नाव-गाव, घेणाऱ्याचे नाव-गाव, जनावराचे वर्णन, किंमत आणि तारीख. ती पावती घेऊन माणूस बैलासह कुठल्याही नाक्यावरून पुढे जाऊ शकत असे. आता जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो. तोही त्याच साखळीची पुढची कडी आहे.

आता स्वस्ताईकडे येऊ, कारण सगळा मोह तिच्यातच आहे. जनावर स्वस्त मिळते त्याला दोन अगदी वेगळी कारणे असतात आणि त्यांची गल्लत केली की माणूस बुडतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. चारा-पाणी नसल्याने लोकांनी उत्तम बैल मातीमोल विकले. १९७२ च्या दुष्काळातही पोटच्या पोरासारखी जपलेली जनावरे दावणीवरून सुटली. ही स्वस्ताई सगळ्या बाजाराची होती. एखादा बैल स्वस्त नव्हता, प्रत्येक बैल स्वस्त होता आणि त्याचे कारण आभाळात दिसत होते. अशा वेळी ज्याच्याकडे चारा होता त्याने घेतलेले जनावर निर्दोष निघण्याची शक्यता भरपूर. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळेपर्यंत शर्यतीचा बैल पाळण्याचे मुख्य कारणच नाहीसे झाले होते. तेव्हा कोणी चांगला बैल कमी भावात विकला असेल, तर त्यात बैलाचा दोष शोधण्याची गरज नव्हती. पण सगळा बाजार तेजीत असताना एकच बैल स्वस्त असेल, तर त्याची किंमत त्या बैलाविषयी काहीतरी सांगत असते. बाजारात उभे राहिल्यावर हा फरक एका फेरीत कळतो. आजूबाजूच्या वीस जनावरांचा भाव कानावर पडलेला असतो. घरात बसून एकाच जाहिरातीकडे पाहणाऱ्याला तो कळत नाही.

मोटारींच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार आपल्याकडे आहेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवण्याला २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. त्यामुळे तिथल्या कितीतरी चांगल्या गाड्या इतर राज्यांत कमी भावाने आल्या. ही दुष्काळातली स्वस्ताई. दुसरा प्रकार पुराचा. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण. विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून निकालात काढलेली गाडी भंगारात जायला हवी. ती कोणीतरी लिलावात घेतो, धुतो, आसने बदलतो, वास घालवतो आणि चारशे किलोमीटर दूर विकतो. पाण्यात राहिलेल्या गाडीच्या तारांचे जोड आतून कुजायला कित्येक महिने लागतात. बियाण्यासारखाच हा उशिरा उगवणारा दोष आहे. स्मृतिकाराने त्याला नक्कीच पाचापेक्षा जास्त दिवस दिले असते.

१९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ मध्ये याच विचारासाठी त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारीचे होते. गिऱ्हाइकाला चांगली आणि वाईट गाडी यांत फरक करता येत नसेल, तर तो दोन्हींना मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात त्यांत वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, म्हणून गिऱ्हाईक किंमत आणखी पाडतो, आणि असे होत होत बाजार सडतो. या विचाराचा दुसरा भागही त्याच निबंधात आहे, तो कमी सांगितला जातो: हमी, नावलौकिक, परवाने यांसारख्या संस्था ही दरी भरून काढतात. गड्ड्याच्या बाजारातले दात पाहणे, जोडून पाहणे आणि पावती घेणे या अशाच संस्था होत्या. अकरलॉफनी सांगितलेला सडका बाजार सोलापुरात बैलांच्या बाबतीत झाला नाही, याचे श्रेय मी या संस्थांना देतो.

वेगवान गाडीत हा धोका साध्या गाडीपेक्षा मोठा का, याला ठोस कारणे आहेत. पहिले म्हणजे सुट्या भागांची किंमत गाडीच्या आजच्या भावाशी जुळत नाही, ती नव्या गाडीच्या भावाशी जुळते. स्वस्तात घेतलेला घोडासुद्धा उंची घोड्याइतकाच हरभरा खातो. नवी असताना पंधरा-वीस लाखांची असलेली टर्बो इंजिनाची गाडी तीन लाखांत मिळाली, तरी तिचा टर्बोचार्जर, दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, टायमिंग बेल्ट आणि ब्रेक हे सगळे वीस लाखांच्या गाडीचेच राहतात. दुसरे कारण वापराचे. टर्बोचार्जर अतिशय वेगाने फिरतो आणि त्याला सतत स्वच्छ तेल लागते. जोरात पळवून गाडी लगेच बंद करण्याची सवय असलेल्या मालकाने तो आतून जाळलेला असू शकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून ताकद वाढवण्याचा प्रकार, ज्याला शौकीन ‘रिमॅप’ म्हणतात, विकण्याआधी पुन्हा मूळ स्थितीत आणता येतो, आणि मग त्या काळात इंजिनावर पडलेल्या ताणाची खूण सहसा दिसत नाही. तिसरे कारण सर्वांत कडू. बैलाचे दात कोणाला मागे नेता येत नाहीत, पण किलोमीटरचा आकडा नेता येतो. आधुनिक गाडीत तो एक साठवलेला अंक आहे आणि हातात मावणाऱ्या यंत्राने बदलतो. वयाची सर्वांत विश्वासू खूण ज्या जनावरावर होती त्याची जागा, वयाची खूण पुसता येणाऱ्या यंत्राने घेतली, आणि आपण मात्र परीक्षा पूर्वीपेक्षा कमी घेऊ लागलो.

मालकीचा घोळही वेगवान गाड्यांच्या बाबतीत काल्पनिक नाही. भारतातली पहिली स्वदेशी स्पोर्ट्स कार म्हणून २०१२ च्या वाहन प्रदर्शनात गाजलेली डीसी अवंती आठवावी. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने याच गाड्यांसंबंधी गुन्हा दाखल केला. आरोप असा होता की एकाच इंजिन आणि चासी क्रमांकावर दोन राज्यांत नोंदणी झाली आणि अशा गाड्यांवर कर्जेही उचलली गेली. आरोप सिद्ध होणे न होणे न्यायालयाच्या हाती आहे. पण जिथे नव्या, महागड्या, मोजक्या संख्येच्या गाडीच्या क्रमांकाविषयी असा संशय उभा राहू शकतो, तिथे चार हात बदललेल्या गाडीची चासी प्लेट पुसून न पाहता पैसे मोजणे म्हणजे बैलाचा जबडा न उघडता दावे सोडणे आहे.

आता कायद्याचा भाग. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्याखालची बहुतेक उदाहरणे घोड्याची आहेत. लिलावात विकणाऱ्याला घोडा रोगी असल्याचे ठाऊक आहे आणि तो काहीच बोलत नाही, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणाऱ्याने सांगितले की ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निरोगी आहे असे मी धरतो’, आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच. घोडे गेले आणि मोटारी आल्या, कलम तेच आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम त्याला जोडून वाचावे: मालाच्या दर्जाची अध्याहृत हमी मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्यावर आहे. स्वतःची एकच गाडी विकणारा खाजगी माणूस व्यापारी ठरत नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचे दारही सहसा उघडत नाही आणि दिवाणी दाव्याची लांब वाट उरते. म्हणून विचारणे हे घेणाऱ्याचे एकमेव शस्त्र आहे. अपघात झाला होता का, पाण्यात होती का, इंजिनात बदल केला होता का, कर्ज बाकी आहे का, हे प्रश्न लेखी विचारावेत आणि लेखी उत्तर घ्यावे. खाजगी सौद्यात दलालीचे दोन पैसे वाचतात, पण ज्याच्याकडे जाब मागता येईल असा माणूसही त्याबरोबर जातो.

नोंदणीचा धोका दोन्ही बाजूंना आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या पन्नासाव्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकलेल्या गाडीची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की गाडी एकामागून एक कितीही हातांत गेली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी कागदोपत्री नोंदलेला मालकच जबाबदार. विमाही आपोआप पूर्णपणे येत नाही. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर जाते असे कायदा धरतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा नावावर करून घेतल्याशिवाय नाकारली जाऊ शकते. सही केलेले कोरे हस्तांतर अर्ज डिकीत ठेवून गाडी वर्षभर फिरवणे हा प्रकार सर्रास चालतो. तो बंद झाला पाहिजे.

या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप मी हलके मानत नाही. पहिला असा की जनावरांचा बाजार तरी कुठे उघडा होता? दलाल आणि घेणारा हातावर रुमाल टाकून, बोटे दाबून भाव ठरवत, आणि शेतकऱ्याला आपल्या बैलाचा खरा भाव कधीकधी कळतच नसे. हे खरे आहे. गुप्त सौद्यांचा हाच दोष पाहून मुंबई प्रांतात १९३९ चा शेतीमाल बाजार कायदा आला आणि उघड बोलीचा आग्रह धरला गेला. पण रुमालाखाली भाव झाकलेला असे, बैल झाकलेला नसे. दोन रुपये कमी-जास्त गेल्याचे दुःख वेगळे आणि बशा बैल गळ्यात पडल्याचे वेगळे. आजच्या खाजगी सौद्यात नेमके उलटे आहे: भाव जाहिरातीत सर्वांसमोर आणि गाडी झाकलेली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जाणता शेतकरी बाजारातला बैल टाळायचा आणि गावातल्या घरच्या दावणीवरचा घ्यायचा, म्हणजे खाजगी सौदाच तर उत्तम मानला जायचा. हेही खरे, आणि त्यामुळे माझा मुद्दा मला थोडा बदलावा लागतो. दावणीवरची खरेदी सुरक्षित होती, कारण तो बैल आणि तो मालक दोघेही गावाला जन्मापासून ठाऊक होते आणि उद्या त्याच पारावर भेटणार होते. साक्षीदार तिथेही होते, सौद्याआधीच जमलेले. तेव्हा धोका खाजगीपणात नाही, अनोळखीपणात आहे. ओळखीच्या माणसाची, त्याच्या हातात असताना पाहिलेली गाडी घेणे आजही शहाणपणाचे आहे. तिसरा आक्षेप तरुणांचा: आता ‘वाहन’ संकेतस्थळावर मालकांची संख्या, बोजा, विमा सगळे दिसते, मग बाजार कशाला? ती माहिती मोलाची आहे आणि न पाहता सौदा करणे मूर्खपणा आहे. पण ती कागदाची माहिती आहे. कर्ज फिटले का हे ती सांगते, चासी वितळवून जोडली आहे का हे सांगत नाही. पावती वाचून बैल कोणी घेतला नव्हता.

जुन्या मोटारींच्या धंदेवाल्यांसाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. त्याने परवानाधारक व्यापाऱ्याच्या ताब्यातल्या गाडीची जबाबदारी त्याच्यावर आली. खाजगी सौदा त्याबाहेरच राहिला, आणि स्वस्त जुन्या वेगवान गाड्या तिथेच जास्त फिरतात. म्हणून सोलापूर आणि अकलूजची, एमएच-१३ आणि एमएच-४५ ची परिवहन कार्यालये आणि ज्यांच्याकडे जनावरांच्या बाजाराची मोकळी मैदाने आहेत त्या बाजार समित्या यांना माझे सांगणे आहे: आठवड्यातला एक दिवस त्याच मैदानावर जुन्या गाड्यांना द्या. सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहू द्या, मोटार वाहन निरीक्षक किंवा शासकीय तंत्रनिकेतनाचे शिक्षक यांच्याकडून माफक शुल्कात चासी क्रमांक, गंज, इंजिन आणि किलोमीटर तपासून घ्या, दोष पावतीवर लिहा आणि हस्तांतराचा अर्ज तिथेच भरून घ्या. आणि गिऱ्हाइकांना सांगणे एवढेच: ज्याला आपली गाडी तिथे आणायची नाही, त्याची गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.